मला पडलेलं एक मत

४ जानेवारी, रविवार

सोसायटीची सर्वसाधारण सभा. ऊन असेल म्हणून पार्कात ठेवली, ऊन आलंच नाही. धुक्यात नुसत्या शाली आणि माकडटोप्या. चहा, ब्रेड पकोडे, मागच्या वर्षीचेच विषय. शेवटी प्रेसिडेंटसाहेबांनी एक नवा नियम वाचला. एकट्या राहणाऱ्या भाडेकरूंकडे रात्री नऊनंतर पाहुणा येणार नाही, आला तर गार्ड गेटवरूनच परत पाठवेल. एकटे राहणारे भाडेकरू म्हणजे कोण, ते सगळ्यांना ठाऊक. माझ्या वरच्या मजल्यावरची मृण्मयी. पुण्याची, नोएडाला आयटीत. गेल्या महिन्यात तिचा भाऊ उशिराच्या गाडीने आला, तर जिन्याजिन्यातून केवढी कुजबुज.

"जो पक्ष में हैं, हाथ उठाइए." सगळे हात वर. "विरोध में?" हे विचारायचं म्हणून विचारलं होतं, पुढचा कागद हातात घेऊन झालासुद्धा होता. मी हात वर केला. एकटीचाच. इतकी वर्षं इथे काढली, पण या सभेत विरोधातला हात पहिल्यांदा पाहिला, आणि तोही माझाच निघाला. 

५ जाने.

नोटीस बोर्डावर सभेचे मिनिट्स लागले. 'प्रस्ताव सर्वसम्मति से पारित.' चष्मा पुसून परत वाचलं. तेच.

लिहिलंय निर्मलने. निर्मल माथुर, सोसायटीची सेक्रेटरी, तळमजला, आणि या शहरातली माझी एकुलती एक मैत्रीण. दिल्लीत मयूर विहारमधल्या या बिल्डिंगी नव्या होत्या तेव्हा आम्ही दोघी बरोबरच राहायला आलो. हे गेले तेव्हा मुलगा, निखिल, बंगलोरहून येईपर्यंत सगळं तिनेच पाहिलं. नंतर कितीतरी दिवस माझ्याकडे झोपायला यायची. मला झोप लागली की नाही ते बघायला उठायची, मी डोळे मिटून पडायची.

तिला माझा हात दिसला नाही असं नाही. दिसला होता.

७ जाने.

दुपारी बाकावर. मटार सोलत बसलो होतो, रोजच्यासारख्या. मी म्हटलं, निर्मल, एक विरोध लिहून टाक. बाकी काही नको.

"दीदी, इतनी सी बात. सर्वसम्मति लिखने का रिवाज है. अच्छा लगता है."

मी म्हटलं, पर थी तो नहीं ना.

"एक हाथ से क्या होता है?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलंय, ती सवय जाते का? सुरूच झाले. बहुमताने निर्णय होतो हे बरोबर, पण ज्याचं पटलं नाही त्याची नोंद राहायला हवी, नाहीतर मग त्याला लोकशाही कशाला म्हणायचं, वगैरे. आठवीच्या वर्गात बोलावं तशी बोलले. तिचा चेहरा बदलत गेला.

"मतलब मैंने झूठ लिखा?"

मी म्हटलं, हां.

उठली. मटार माझ्याकडेच राहिले, सोललेले आणि न सोललेले एकत्र.

१० जाने.

नि. बाकावर येत नाही. ऊन पडलंय, तरी नाही. एकटीनेच शेंगदाणे खाल्ले. बाकावर एकटं बसलं की येणारेजाणारे विचारतात, "अकेली?" आता काय सांगावं. घरी आले, टीव्ही लावला, बंद केला.

आज दिवसभरात मोठ्याने बोललेली वाक्यं: दूधवाल्याला एक, आणि कुकरला एक.

१४ जाने.

संक्रांत. तिळगूळ केला, थोडा कडक झाला. नि.कडे घेऊन गेले. सुनेने दारातच डबा घेतला. "मम्मीजी पूजा में हैं." आतून मालिकेचं टायटल म्युझिक येत होतं. चांगली चाललीय पूजा.

मृण्मयीला दिला. म्हणाली, "काकू, माझ्यासाठी कशाला वाईटपणा घेताय? मी तर इथे मेंबरही नाही." मी म्हटलं, म्हणूनच. ज्याला मतच नाही त्याच्यावर नियम करणं सगळ्यात सोपं. ती हसली. नंतर म्हणाली की घरमालकाचा गुडगावहून फोन आला होता. काय म्हणाला ते सांगितलं नाही.

१८ जाने., रविवार

करून बसले. सेक्रेटरीपदासाठी अर्ज भरला.

कमिटीची मुदत या महिनाअखेर संपते. अशा वेळी इथे रीत ठरलेली आहे. कुणीतरी म्हणतं, "निर्मलजी ही रहेंगी," टाळ्या, समोसे, झाली निवडणूक. अर्ज एकच, त्यामुळे मतदान कधी झालंच नाही. आता दुसरा अर्ज आला, म्हणजे मतदान घ्यावं लागणार. निवडणूक अधिकारी म्हणून शेजारच्या सोसायटीतल्या डॉ. खान यांना गळ घातली आहे. अर्ज घेताना ते म्हणाले, "साठे मैडम, बिल्कुल पक्का?" मी म्हटलं, बिल्कुल.

स्वतःपुरतं खरं लिहायला हरकत नाही. निम्मा अर्ज नियमासाठी आहे. निम्मा यासाठी, की नि. रागाने का होईना वर येईल, दार वाजवेल, भांडेल माझ्याशी.

संध्याकाळी निखिलचा फोन. "आई, यार, कशाला पंगा घेतेस? तिथे एकटी राहतेस तू." मी म्हटलं, नाही केलं तर रुखरुख लागून राहील. "रुखरुख म्हणजे?" समजावून सांगितलं. नीट जमलं नाही सांगायला. दिल्लीत वाढलेलं पोर. त्याला पनीर येतं, रुखरुख येत नाही.

२१ जाने.

नि. आली नाही भांडायला.

बाकी मात्र सगळे प्रेमात आहेत. लिफ्टमध्ये आहुजाजी: "दीदी, हम तो आपके साथ हैं. ये नियम गलत है, सब जानते हैं." मिसेस बन्सल, भाजीच्या गाड्यापाशी, अगदी कानात: "आपको ही देंगे." कुरियनसाहेबांनी तर हात हातात घेतला. सभेत कुठे होते हे हात? पण बरं वाटलं. किती दिवसांनी इतकी माणसं माझ्याशी बोलली. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

२६ जाने.

पार्कात झेंडा. प्रेसिडेंटसाहेब लोकशाहीवर बोलले, लाडू वाटले. नि. आणि मी दरवर्षी शेजारी उभ्या राहून राष्ट्रगीत म्हणतो. ती सूर फार वर लावते, मला हसू येतं, मग ती कोपर मारते. यंदा ती पहिल्या रांगेत, मी शेवटच्या. वर लागलेला सूर मागेपर्यंत ऐकू आला. हसू नाही आलं.

१ फेब्रु., रविवार

आज मतदान झालं. जे झालं ते सगळं लिहून ठेवते.

कम्युनिटी हॉल. कोपऱ्यात दोरीला चादर टांगून आडोसा केलेला. मिक्सरच्या खोक्याला पांढरा कागद चिकटवून पेटी. चिठ्ठीवर दोन नावं, माथुर आणि साठे, आवडेल त्याच्यापुढे खूण. मला किती आनंद झाला ते पाहून. फळ्यावर इतकी वर्षं 'गुप्त मतदान' लिहिलं, आज चादरीच्या रूपात का होईना, आमच्या घरी आलं.

माझी पाळी आली. आडोशाच्या आत गेले, पेन उघडलं. आणि हात जाईना. साठे या नावापुढे आपल्याच हाताने खूण करणं म्हणजे पंगतीत सगळ्यांच्या आधी आपल्याच पानात वाढून घेणं. लहानपणापासून जे अंगात मुरलंय ते असं बाहेर येतं. आणि मग वाटलं, माझं भांडण एका नियमाशी आहे. लिफ्ट बंद पडली तर मेकॅनिकला फोन कोण करतं? टाकी कोण साफ करून घेतं? निर्मल. तिच्याइतकं कुणी करत नाही. मला कुठे करता येणार आहे? मला मतं द्यायला आहेत की बाकीचे, आहुजा, बन्सल, कुरियन.

माथुरपुढे खूण केली. घडी घातली, पेटीत टाकली. बाहेर आले तर नि. समोर रांगेत उभी. नजरानजर झाली. ती आत गेली.

संध्याकाळी मोजणी. डॉ. खान एकेक चिठ्ठी उघडून वाचत होते. माथुर, माथुर, माथुर. मध्ये एकदा "साठे" म्हणाले. मग परत माथुर. पेटी उलटी करून झटकून दाखवली.

"माथुरजी, बाकी सारे. साठे मैडम, एक."

मागे कुणीतरी हसलं आणि खोकला काढला. सगळे माझ्याकडे असे बघत होते, की बिचारीने आपलं आपल्यालाच दिलं. फक्त नि. बघत नव्हती. ती जमिनीकडे बघत होती. नंतर माझ्याकडे एकदा पाहिलं, फार विचित्र पाहिलं, आणि टाळ्या सुरू झाल्या.

मी पण वाजवल्या.

२ फेब्रु.

निखिल: "चलो, तू स्वतःला तरी दिलंस ना." हो म्हटलं. काय सांगू?

दुपारी ताप असल्यासारखं वाटलं. नव्हता. नुसती पडून राहिले.

४ फेब्रु.

लिफ्टमध्ये आहुजाजी. "दीदी, गिनती में कुछ गड़बड़ है. मैंने तो आपको ही दिया था." भाजीच्या गाड्यापाशी मिसेस बन्सल, तेच. गड़बड़, गिनती, आपको ही. कुरियनसाहेबांनी तर फेरमोजणी मागा म्हणून सांगितलं, हात परत हातात घेऊन. दोन दिवसांत तिघांनी मला मत दिलं. मोजून झाल्यावर.

राग यायला हवा होता, हसू आलं. घरी येऊन मोठ्याने हसले. भिंतीपलीकडे ऐकू गेलं असेल.

५ फेब्रु.

आज पोळ्या लाटताना सुचलं आणि लाटणं तसंच हातात राहिलं.

हे तिघं गड़बड़ म्हणतात, कारण त्यांना वाटतं ते एक मत माझं स्वतःचं होतं, आणि मग आपलं कुठे गेलं याचं काहीतरी उत्तर द्यायला हवं. पण ज्याने खरंच ते एक मत दिलं, त्याला नक्की ठाऊक आहे की मी स्वतःला दिलं नाही. एकच मत, आणि ते त्याचं. तो कधीच गिनतीवर शंका घेणार नाही. म्हणजे या बिल्डिंगीत कुणीतरी एक माणूस आहे ज्याला माझी ती आडोशाआडची गोष्ट कळलेली आहे. बाकी सगळं जग मला हसतंय, आणि तो एक जण हसत नाहीये.

कोण?

मृ. नाही, तिला मतच नाही. डॉ. खान? ते दुसऱ्या सोसायटीचे. दिवसभर एकेका दारावरची नावं आठवत बसले. कुणावरही थांबता येईना. एका नावावर मन परत परत जातं, आणि मीच ते मागे ओढते. ती कशी देईल? ती तर उभी होती माझ्याविरुद्ध.

पण मी नाही का दिलं?

६ फेब्रु.

मृण्मयीने जागा सोडली. नोएडातच बघितलीय दुसरी. टेम्पो आला तेव्हा खाली उभी राहिले, तिच्या कुंड्या धरल्या. "काकू, मला मत असतं तर तुम्हाला दोन पडली असती." पाया पडली, मग मिठी मारली. नियम लागू आहे. लागू व्हायला आता कुणी उरलेलं नाही.

वरून पावलांचा आवाज यायचा संध्याकाळी. आज नाही.

आता मी सगळ्यांशी नीट वागते. जिन्यात भेटेल त्याला नमस्ते, आहुजालासुद्धा. न जाणो.

८ फेब्रु., रविवार

सकाळी दार वाजलं. नि.

हॉलमध्ये नजरानजर झाली ती शेवटची. आज एकदम दारात. शाल खांद्यावरून घसरलेली, केस न विंचरलेले. म्हणाली, "कल टंकी साफ होगी. पानी भर लीजिएगा." एवढं सांगायला गार्ड येतो नेहमी, घरोघर बेल वाजवत जातो. मी म्हटलं, अच्छा. ती म्हणाली, "सुबह से बंद रहेगा." मी म्हटलं, ठीक है.

दोघी उभ्या. चहा विचारणार, तेवढ्यात ती जिन्याकडे वळली. दोनतीन पायऱ्या उतरली आणि वर न बघता, कठड्यावर हात ठेवून म्हणाली,

"सब कहते फिर रहे हैं गिनती में गड़बड़ है. गिनती ठीक थी, दीदी. बिल्कुल ठीक थी."

आणि गेली. तिच्या दाराची कडी वाजली खाली.

सेक्रेटरी म्हणून बोलली असेल. निवडणूक तिच्या सोसायटीची, कुणी शंका घेतली तर तिला लागणारच. तसंच असेल. किंवा…

बादल्या भरल्या, घागर भरली, कुकरसुद्धा भरून ठेवला. मग दाराशी जाऊन उभी राहिले, चप्पल घातली, काढली. खाली जाऊन तिला काय विचारू? मत कुणाला दिलं हे कुणी कुणाला विचारायचं नाही, तीस वर्षं मुलांना हेच शिकवलं. आणि मला तिला दुसरं काहीच विचारायचं नाहीये.