मायच्या चाराचं बी

शिमल्याजवळ,
दि. १२ फेब्रुवारी १९८६

ती. धुरपताबाईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. गुडघा दुखत असतानाही भाऊजी कोंबड्यांच्या मागे धावतात हे वाचून खूप हसलो. त्यांना माझा जयभीम सांग. इथे अजून बर्फ आहे. हात धुवायचा म्हटलं तरी मनाची तयारी करावी लागते.

मी इकडे नेमकं काय करतो असं तू विचारतेस. सांगतो, म्हणजे इसरू साहेबाच्या बागेला पाणी घालतो असं भाऊजी गावभर सांगणार नाहीत. इथल्या डोंगरात हेझलनट नावाचं कठीण कवचाचं फळ होतं. इथले लोक त्याला ठांगी म्हणतात. आम्ही खोऱ्याखोऱ्यांतून फिरतो, प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या पिशवीत घेतो आणि आमच्या सरकारी संशोधन केंद्राच्या बागेत त्याची वेगळी ओळ लावतो. एकाचं कवच पातळ, दुसऱ्याचा गर मोठा, तिसरं थंडीला दाद देत नाही. सगळं रान एकाच वाणाचं झालं तर एक रोग सगळं घेऊन जाईल, म्हणून सगळे वाण जपायचे. मग त्यांतूनच शेतकऱ्यासाठी चांगलं रोप तयार करायचं.

परवा साहेबांनी विचारलं की तुमच्या जंगलात असं काय होतं. मी चार म्हटलं. ज्याच्या बीतून चारोळी निघते ते झाड, असं सांगितल्यावर त्यांना कळलं. मग मायच्या चाराबद्दल किती बोललो ते माझं मलाच कळलं नाही. आपल्या बांधावरचा, मोठ्या बीचा, ज्याचं कवच आपण दातांनी फोडायचो तो. साहेब म्हणाले, मागवून घ्या. केंद्राची एक बाग खाली गरम पट्ट्यात आहे, तिथे चाराच्याही ओळी लावू.

तर बाई, या उन्हाळ्यात पाच-सहा झाडांचं बी पाठव. प्रत्येकाचं वेगळं ठेव, एकात एक मिसळू नकोस. मायच्या झाडाचं नक्की पाठव. माय जाऊन दोन वर्षं झाली आणि मी अजून गावी आलो नाही. तिच्या झाडाचं बी तरी माझ्याजवळ येऊ दे.

लोभ आहेच, तो लांबच्या वाटेवर आटू देऊ नकोस.

तुझा
इसरू

जामटोला, पो. अहेरी,
दि. २ जून १९८६

चि. इसरू यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

पार्सल आज अहेरीच्या पोस्टात टाकलं. तिथल्या बाबूनं तीनदा हुंगून पाहिलं आणि आत खायचं काय आहे म्हणून विचारलं. मी म्हटलं, सरकारी काम आहे.

यंदा बुद्धपौर्णिमेच्या आधीच चार पिकला. तू लिहिल्याप्रमाणे सहा झाडांचा वेगवेगळा आणला. पाच झाडांच्या बिया नाल्यावर नेऊन चोळल्या, धुतल्या. मायच्या झाडाच्या मात्र घरीच धुतल्या, न्हाणीमागे तिचा दगड आहे ना, त्याच्यावर. दुसऱ्यात मिसळायला नको आणि तिचं काम तिच्या जागेवर व्हावं असंही वाटलं. मग वाळवल्या, जात्यावर फोडल्या, पाखडल्या आणि एकेक टरफल वेचून काढलं. आठ दिवस पाठ सरळ केली नाही. शेजारची गुणाबाई म्हणे, काऊन एवढी मरून राह्यली बाई, अख्खीच बी पाठवून दे ना त्याले. मी तिला मायचं बोलणं ऐकवलं. घराबाहेर चार जाईल तर सोललेलाच जाईल, नाही तर लोक म्हणतील, बहिणीनं भावाले गोटे धाडले.

सहा पुरचुंड्या आहेत. निळ्या दोऱ्याची मायच्या झाडाची. आमच्या झाडाला शिमल्याहून मागणी आली हे मी बाजारात सगळ्यांना सांगितलं. सांगू नको तर काय करू? दोन वर्षांत सांगण्यासारखं दुसरं काही घडलंच नाही.

तुझे भाऊजी विचारतात की तिकडच्या ठांगीची खीर होते का. होत नसेल तर एवढा खटाटोप कशाला, असं त्यांचं मत आहे. पत्राला उशीर करू नकोस, माझा जीव टांगून राहतो.

तुझी बाई
धुरपता

शिमल्याजवळ,
दि. १० जुलै १९८६

ती. बाईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

पार्सल मिळालं. निळा दोरा आधी सोडला. इतकी स्वच्छ चारोळी की एक टरफल सापडेना. बाई, मी ती हातात घेऊन किती वेळ बसलो, आणि हसावं की रडावं तेच कळेना.

आम्हाला अख्खी, कवचातली बी हवी होती. फोडलेला गर रुजत नाही. तरीही त्यातले चाळीस दाणे मातीत घातले, रोज जाऊन पाहिलं. एकही वर आला नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा मी खरं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. उरलेल्यातले दोन-तीन दाणे त्यांनी तोंडात टाकले आणि असा गर आपण कधी खाल्ला नाही म्हणाले. त्याचंच मला जास्त लागलं.

तू मनाला लावून घेऊ नकोस, चूक माझी आहे. सोलू नको, एवढे दोन शब्द मी लिहिले नाहीत. आपल्या घरातून चार सोलल्याशिवाय बाहेर जात नाही, ही रीतच मी विसरलो. मी किती दिवस लांब आहे ते मला त्या पुरचुंडीवरून कळलं. राहिलेली चारोळी शेवटी मीच खाल्ली, एकट्यानं. चव तीच आहे.

आता अख्खी बी घरात उरली नसेलच, आणि असली तरी जुनी झाली की रुजत नाही. पुढच्या उन्हाळ्यात पाठव, धुऊन, सावलीत सुकवून, कवचासकट. लोकांनी गोटे म्हटलं तर म्हणू दे. तोवर झाडाकडे लक्ष ठेव आणि माझ्यावरची माया तशीच राहू दे.

तुझा
इसरू

जामटोला,
दि. २० एप्रिल १९८७

चि. इसरू यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

कसं लिहू ते कळत नाही, म्हणून सरळच लिहिते. मायचा चार तोडला. आम्ही तीन दिवस भाचीच्या लग्नाला वडशाला गेलो होतो. येऊन पाहते तर झाड आडवं पडलेलं, फांद्या ओरबाडलेल्या. फळ अजून हिरवं होतं रे. खालचा पाला पेटवून दिला होता, त्यात बुंधाही जळाला.

कोणी तोडला ते कोणी सांगत नाही. पण का तोडला ते मला ठाऊक आहे. त्या झाडाच्या बीला शिमल्यात सोन्याचा भाव आहे, अशी बोलवा बाजारात झाली होती. ती बोलवा माझ्याच तोंडातून निघाली होती. दुसरा आधी नेईल या भीतीनं कच्चाच नेला. पूर्वी आपल्या गावच्या गोंडांचा पंडुम, म्हणजे नव्या फळाचा सण, झाल्याशिवाय चाराला कोणी हात लावत नसे. आता कोणाला धीर आहे? पण लोकांना काय बोलू, मीच आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला.

बाकी पाच झाडं शाबूत आहेत. त्यांचं बी या वेळी कवचासकट पाठवीन. तुझे भाऊजी दोन दिवस जेवले नाहीत, आणि त्यांची भूक तुला माहीत आहे. मला शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण पत्र लिही.

तुझी बाई
धुरपता

शिमल्याजवळ,
दि. ९ मे १९८७

ती. बाईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुला शिव्या कशा देऊ? तू बाजारात सांगितलंस, मी साहेबांना सांगितलं. दोघांनाही मायच्या झाडाचा तोरा होता.

पाच झाडांचं बी येऊ दे, त्यांच्या ओळी लावतो. सहाव्या ओळीसाठी जागा आखली होती, तिथे एक रिकामी पाटी रोवलेली आहे. ती काढायला माझा हात धजत नाही. दुसऱ्यांच्या डोंगरातली झाडं वाचवत सहा वर्षं फिरलो आणि आपल्या बांधावरचं गेलं.

एक गोष्ट कधी लिहिली नाही ती लिहितो. मायची तार आली तेव्हा मी वरच्या खोऱ्यात होतो, रस्ता बर्फानं बंद होता. तार हातात पडली तेव्हा ती जाऊन अकरा दिवस झाले होते. त्यानंतर सुट्टी मिळत होती, बाई. मी घेतली नाही. दारात ती नसणार, आणि तू काही न विचारता पाणी आणून देणार, हे मला सोसलं नसतं. झाड होतं तोवर वाटायचं, कधीतरी जाऊ, ते तर आहेच. आता यायचं कशासाठी?

भाऊजींना जेवायला लाव. माझ्यावर राग धरू नकोस.

तुझा
इसरू

जामटोला,
दि. १५ जुलै १९८७

चि. इसरू यास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

आधी खाली बस, मग वाच.

पावसाच्या तोंडावर न्हाणीमागचं कुंपण नीट करायला घेतलं. दोडक्याचा जुना वेल ओढून काढला तर खाली वीतभर उंचीची रोपं. आधी वाटलं, रानातलं काहीतरी असेल. पानं उलटसुलट करून नीट पाहिली. चार होता. सहा रोपं होती. मागच्या वर्षी मायच्या दगडावर बी धुतलं, ते चोथ्याचं पाणी मी कुंपणाशी लोटून दिलं होतं. त्यातून काही बिया निसटल्या असणार. न्हाणीचं पाणी मिळत गेलं, उन्हाळाही निघाला. आणि त्या दगडावर दुसऱ्या कोणत्याच झाडाचं बी मी धुतलं नव्हतं. तूच लिहिलं होतंस ना, मिसळू नकोस म्हणून.

या वेळी बाजारात मी चकार शब्द काढलेला नाही. गुणाबाईला दिसलं, तर ती म्हणे, मी नाई सांगत कोणाले, माह्या लेकराची आण. तुझ्या भाऊजींनी भोवती काटे रोवले आणि कोंबड्यांना पहिल्यांदा बांधून घातलं.

एक रोप तुला पाठवावं म्हणून टोपलीत काढून पाहिलं. मुळी फार खोल गेली होती, तुटली. दोन दिवसांत रोपानं मान टाकली. आता पाच आहेत. बाकीच्या पाच झाडांचं बी कवचासकट पोस्टानं धाडलं, पण ही रोपं पोस्टानं येणार नाहीत. कशी काढायची, काढायची की इथेच वाढवायची, ते तुलाच कळतं. त्यासाठी तूच यायला हवं. बल्लारशाला उतर, तिथून अहेरीची एस.टी. सकाळी सुटते.

तू यायचं कशासाठी विचारलंस, म्हणून मीही एक न लिहिलेलं लिहिते. मायनं शेवटच्या दिवशी दोनदा विचारलं होतं, इसरू आला का म्हणून. मी सांगितलं, निघाला आहे. ती बरं म्हणाली आणि दाराकडे तोंड करून निजली. साडेतीन वर्षं झाली, माझं ते बोलणं अजून खोटंच आहे. येऊन ते खरं कर.

लोभ कागदावर पुष्कळ झाला. पाणी मी आणून देईन, आणि या वेळी सगळं विचारीनही.

तुझी वाट पाहणारी बाई
धुरपता