बोंडाला कुलूप

जानेफळ,
मृग तोंडावर

होणारे व्याही श्री. महादेवराव यांस, पंजाबराव बियाणेवाल्याचा हात जोडून रामराम.

इकडे सगळे धडधाकट. तिकडे शेगावले विहीणबाईंचे गुडघे आता बरे असतील असं धरून चालतो. (नसतील तर लग्नात त्या उभ्या राहतील कशा, हा पुढचा प्रश्न. आधी लग्न होऊन राह्यलं का, तेच मले समजेना.)

कारण तुमचा हर्षल. पोरगं अमरावतीले चित्रकला शिकलं, म्हणून मोठ्या हौसेनं दुकानाचा बोर्ड होणाऱ्या जावयाकडूनच रंगवून घेतला. त्यानं कापसाचं बोंड काढलं अन् बोंडालाच कुलपाची कडी लावली. म्हणे, दोन ओळखीच्या वस्तू जोडल्या की तिसरा अर्थ निघते: या बीटी बियाण्यात बोंडअळीले प्रवेश नाही. अर्थ निघाला, पण भलताच! गेल्या हंगामात बोगस बियाण्यापायी साहेबलोकांनी पलीकडच्या गावचं एक दुकान सील केलं होतं. आता लोक रस्त्यावरूनच माझं कुलूप पाहतात अन् समोर अर्जुनरावच्या दुकानात शिरतात. शटर सताड उघडं, मी गल्ल्यावर जिताजागता बसलेलो, तरी जुनी गिऱ्हाईक गोजरबाई पदरानं डोळे पुसत विचारते, "भाऊ, कोन्या सायबानं लावलं?"

म्हटलं, मिटव बाबू ते. त्यानं कुलूप मिटवून बोंडावर छत्री धरली (संरक्षण म्हणे). तेव्हापासून बियाणं कोणी मागत नाही, पीकविमा कधी मिळते हे विचारायले मात्र रांग लागते. शेवटी मी विचारलंच, अर्जुनरावनं तुले चहा तर नाही पाजला? तर पोरगं मान खाली घालून हसलं. निर्दोष माणूस असा हसते का, तुम्हीच सांगा.

अन् काल लग्नपत्रिकेचा नमुना आला. गणपतीखाली बैलांचं जू, जूच्या दोन्ही टोकांना मुंडावळ्या! (संसार दोघांनी मिळून ओढायचा म्हणे. हे पाहून पाहुणे आहेर आणतील का कडबा?) त्याले लग्न मोडायचं आहे अन् तोंडानं सांगवत नाही, असा माझा पक्का वहीम आहे. काजल माझी एकुलती एक पोरगी. मले अन्न गोड लागत नाही.

आपला, अजून तरी व्याही,
पंजाबराव

ता. क. खरं काम हे: पोराले एकट्यात घेऊन, न रागावता विचारा, ही सोयरीक त्याले नको आहे का? नको असेल तर आत्ताच सांगा.

आणखी ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी काजलनं पत्र वाचलं अन् रडत-हसत कबूल झाली. तिन्ही चित्रांमागचं डोकं तिचंच. ती फोनवर सांगत होती, तो नुसता रंगवत होता. माझं एवढं बोलणं खाल्लं, पण पठ्ठ्यानं तिचं नाव काढलं नाही. महादेवराव, वरचं मी काहीच लिहिलं नाही असं समजा. (फाडणार होतो, पण एवढं लिहून झालं होतं.) लग्नाची तारीख अलीकडे ओढा, अन् माझ्या पोरीचं डोकं असं चालते हे विहीणबाईले अक्षता पडेपर्यंत कळू देऊ नका.