यॉट म्हणजे शिडाची होडी

रविवार, २३ जानेवारी १९९४
शांती नगर

हळदीकुंकू छान झालं, असं सगळ्या म्हणाल्या. माझ्या डोक्यातून मात्र तो यॉट शब्द जात नाहीये.

मुलींसाठी खेळ मीच ठेवला होता. पाच अक्षरांचे इंग्रजी शब्द सांगायचे, त्यात ए आणि टी हवेत, अर्थ कुठल्याही भाषेत चालेल. अक्षरंही मीच निवडली. आणि काल पोळ्या लाटता लाटता आमच्या मुग्धाकडून तेच शब्द घोटून घेतले. का? समोरच्या परमारबेनची हेतल दरवेळी जिंकते म्हणून? एवढ्यासाठी?

हेतल वॉटर, हार्ट म्हणाली आणि अडली. मुग्धानं धडाधड सांगितले, आणि शेवटी, "यॉट, म्हणजे शिडाची होडी." परमारबेननीच आधी टाळ्या वाजवल्या. "कितनी होशियार है आपकी बेटी!" मी चक्क हसले. बक्षिसाचा स्टीलचा डबाही मीच दिला मुग्धाच्या हातात. लाज कशी नाही वाटली तेव्हा?

सगळ्या गेल्यावर मुग्धानं तो डबा न उघडताच ओट्यावर ठेवला. मला वाटलं, हेतलला फसवलं म्हणून चिडली असेल. तर म्हणते, "आई, यॉट मला आधीपासून येत होता. आमच्या पुस्तकात त्याचं चित्र आहे. तुला वाटलं, मला नाही जमणार?"

"नाही गं, असं कसं वाटेल?" म्हणाले मी.

वाटलं होतं.