जावळाच्या लोकरीची शाल

तंजावूर, मंगळवार, संध्याकाळ

आमच्या घरी वायुदेवतेस प्रवेश निषिद्ध आहे. ऐन एप्रिलात मी घामाने निथळतो आणि अप्पा म्हणतात, "पंखा बंद कर रे, काकडलों."

म्हणून तर माणदेशातल्या विणकराला हातमागाची शाल सांगितली. आज तिसऱ्यांदा फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "कोकरांची पहिली कातरण झाली की जावळ मिळंल. मग सूत कातायचं, चिंचोक्याची खळ लावून वाळवायचं, दोन पट्ट्या विणून जोडायच्या. घाई केली तर सूत तुटतंय. आन् साहेब, तुमचं मराठी पोथीवाणी वाटतंय." पोथी म्हणे! तंजावुरात आम्ही पिढ्यान्‌पिढ्या हेच मराठी बोलतो. चिडून फोन ठेवला. एका शालीला इतके महिने?

अप्पांना सांगितलं, तर म्हणाले, "लांबी कमी सांग, लवकर होईल."

शाल सांगताना दोरीने त्यांचं टाचेपासून खांद्यापर्यंत माप घेऊन खांद्याशी गाठ मारली होती. आज दोरी पुन्हा लावली. खांदा गाठीच्या दोन बोटं खाली आला. पंखा मीच बंद केला.

विणकरावर उगाच चिडलो. शाल येईल तेव्हा ती पांघरायला अप्पा असतील का, याचीच भीती वाटते.