रंग परतला, असं मी लिहिलं होतं

अंधेरी (पश्चिम),
१५ नोव्हेंबर २०२५

चि. श्रुतिकास,

इकडे सर्व ठीक. तुझ्या काकूचा गुडघा बरा आहे. जिने चढते आणि वर आल्यावर मला ऐकवते. तुतिकोरीनला आपल्यासारखे सुक्या कोळंबीचे सोडे मिळत नाहीत म्हणालीस, तर ती पाठवते आहे. पार्सल वेगळं येईल.

हे फोनवर बोललो असतो, तर तू "असू दे रे काका" म्हणाली असतीस आणि मी सुटलो असतो. म्हणून लिहितोय. आज ह्या पत्राचा फोटो काढून पाठवतो, कागद मागून येईल.

सोमवारच्या भाषणाचा जो मसुदा तू पाठवलास, त्यात आपल्या वर्सोव्याच्या खडकावरचं, रंग परतलेलं प्रवाळ आहे, आणि खाली माझं नाव, 'स्थानिक अभ्यासक' म्हणून. बारावी नापास माणसाला असं कोणी म्हणत नाही. काकूला मी ते दोनदा वाचून दाखवलं.

ते प्रवाळ तिथे नाही, श्रुतिका.

मे महिन्यातली आपली, लोकांना समुद्रजीव दाखवायची किनारा-फेरी आठव. पाणी तापलेलं, आणि ते मुठीएवढं प्रवाळ पांढरंफटक पडलेलं. मी सगळ्यांना सांगितलं, "हे मेलं."

तू म्हणालीस, "मेलं नाही काका, फिकं पडलंय. त्याला रंग आणि अन्न देणारं शेवाळ उष्णतेने बाहेर पडलंय. पावसात पाणी निवलं की परत येईल. फक्त कोणी हात लावू नका."

"तू पुस्तकातलं बोलतेस. मी वीस वर्षं हे खडक तुडवतोय," मी म्हटलं. लोक हसले. मीही पुस्तकांतूनच शिकलो, हे तुला माहीत होतं. तू ते त्यांना सांगितलं नाहीस.

तू परत गेलीस आणि दुसऱ्याच ओहोटीला मी छिन्नी घेऊन गेलो आणि ते उखडून आणलं. पुढच्या फेरीत लोकांच्या हातात द्यायचं होतं, बघा, मेलंय की नाही. मेलेलं प्रवाळ उचलणंही गुन्हा, असं दर फेरीत मीच ओरडून सांगतो.

घरी वाडग्यात समुद्राच्या पाण्यात ठेवलं. संध्याकाळी काकू म्हणाली, "अहो, ह्याला बोटं फुटलीत." काचेसारखी बारीक बोटं, पाण्यात चाचपडत होती.

"पाणी हलतंय ते."

"मग मी टेबलापासून लांब होते. बघा आता तुम्ही."

मी बघितलं नाही. पेपर उघडून बसलो. सकाळी वास सुटला होता.

ऑगस्टमध्ये तू विचारलंस, रंग परतला का? मी लिहिलं, "परतला. मध्ये तपकिरी, कडेला हिरवट." नुसतं 'हो' लिहिण्याने माझं भागलं नसतं. तुझा माझ्या तपशिलावर भरवसा, म्हणून तपशील घातला. फोटो मागितलास तेव्हा पाणी गढूळ आहे म्हणालो.

तेव्हा ती ओळ काढ. माझं नावही काढ. कोणी कारण विचारलं तर खरं ते सांग, मला सांभाळू नकोस.

काल गेलो होतो. त्याच खडकाच्या समुद्राकडच्या बाजूला, छिन्नी शिरणार नाही अशा खाचेत, आणखी एक आहे. मेमध्ये तेही पांढरं होतं. आता त्याला रंग आहे. कोणता, ते मी लिहीत नाही. माझ्या सांगण्यावरून तू काही मांडू नयेस. डिसेंबरात येशील तेव्हा स्वतः खाली उतरून बघ. मी वर रस्त्यावर थांबेन.

काकूचे आशीर्वाद. माझे, तू घेशील तेव्हाच.

श्यामकांतकाका