गढीवरची पाटी

रविवार, १७ डिसेंबर, संध्याकाळ

आज गावच्या गढीवर पाटीचं अनावरण झालं. शाळेत इतिहास शिकवायचो म्हणून मजकूर माझ्याकडूनच लिहून घेतला होता. इंग्रज साहेबाच्या हाताखालच्या निजामी फौजेनं गढीला वेढा दिला, देशमुख पहिल्याच दिवशी मागच्या दिंडी दरवाजातून पळाले आणि दरवाजा पाच दिवस लढवला तो राणबा पहारेकऱ्यानं. तिथंच मेला तो. एवढंच लिहिलं होतं.

पाटीवर काय? ‘शूर देशमुखांनी पाच दिवस वेडा परतवून लावला.’ वेडा! साधा ढ लिहिता आला नाही यांना. राणबा तर गायबच. देशमुखांचा वंशज, म्हणजे आमचा सरपंच, कडक इस्त्रीत पुढं उभा. म्हणतो कसा, “सर, थोडा बदल केला. पळाले असं कसं लिवायचं? लय वाईट दिसतंय.” पळपुट्याचं रक्त, दुसरं काय!

आणि मी? ‘वेढ्यातला ढ चुकलाय’ एवढंच बोललो. वर फेटा बांधून घेतला, टाळ्याही वाजवल्या. थू!

गर्दी पांगल्यावर राणबाच्या घराण्यातली म्हातारी पारूबाई आली. तिला वाचता येत नाही.

“सर, आमच्या राणबाचं नाव कुठं हाय?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “खाली हाय, शेवटच्या ओळीत.”

शेवटच्या ओळीत पाटी रंगवणाऱ्याचं नाव आहे. पारूबाईनं ती ओळ पदरानं पुसली, तिच्यावर डोकं टेकवलं. मी तसाच बघत उभा राहिलो.