उजव्या कडेवर

३ ऑगस्ट ९४
खोकला हटेना म्हणून शेवटी दिलसुखनगरला छातीचा फोटो. डॉक्टर म्हणाले, "अम्मा, आपका दिल सीधे हाथ कू है. कलेजा उल्टे हाथ कू." आतलं सगळंच उजवं-डावं उलट. शिवाय श्वासनळीला लागून पाण्याची गाठ, जन्मापासूनची. हे पांढरेफटक. मी म्हटलं, उजवीकडे धडधडतंय म्हणून इतकी वर्षं सांगत होते ते खरंच ना? नुसता ओवा चारला मला सगळ्यांनी.

४ ऑगस्ट
सासूबाईंना सांगितलं. "तरी म्हटलं, ही पहिल्यापासून उफराटी!" दोन्ही पोरींना मी उजव्या कडेवर घ्यायची नि डाव्या हाताने भाकरी उलटायची. डावीकडे घेतलं की भोकाड. त्यावरून किती बोलणी खाल्ली! पोरींना ठाऊक होतं आई कुठे वाजते ते. आज अख्ख्या गौलीगुड्यातून ताठ मानेने भाजी आणली.

९ ऑगस्ट
मोठा दवाखाना. नव्या परदेशी मशीनमध्ये घातलं. मग शिकाऊ डॉक्टरांची रांग. एकीने कानातली नळी डावीकडे लावली, ठोका सापडेना, घाबरली. म्हटलं, "बेटा, हूँ मैं अब्बी." सगळे हसले. सर्जनबाई म्हणाल्या, असं हृदय पाहिलंय, अशी गाठही. एकाच माणसात दोन्ही, पहिल्यांदाच. गाठ श्वासनळी दाबतेय, काढावीच लागेल. डॉक्टरांच्या मासिकात फोटो छापणार आहेत. छापा की! लग्नपत्रिकेनंतर माझं काही छापलंच नाही कुणी.

११ ऑगस्ट
हे म्हणतात, मुंबईला जाऊ, इथं असलं कुणी केलंय? तिथं तरी कुणी केलंय? सर्जनबाईंना सरळ विचारलं. "मैं बी पहली बार करूँगी अम्मा. डर तो मेरे कू बी है." खरं बोलली. तिच्याच हाती देणार, ठरलं माझं. यांनी जेवण टाकलं.
भीती मलाही आहेच. पण थोरली दिवाळीत बाळंतपणाला येणार. मरायला वेळ कुठाय.

१७ ऑगस्ट, दवाखाना
अजून आत नेलं नाही, म्हणून लिहितेय. हे बाहेर जप करतायत.
सासूबाई आल्या. अंगारा लावला. मग वाकून माझ्या छातीला कान लावला, डावीकडेच, सवयीने. मी त्यांचं डोकं धरून उजवीकडे आणलं. बराच वेळ तशाच राहिल्या. इतक्या जवळ कधी आल्या नव्हत्या.
"वाजतंय गं. चांगलं वाजतंय."
डोळे पुसले नि दटावल्यासारखं म्हणाल्या, "थोरलीचं बाळ उजव्या कडेवरच घे. मी काही बोलायची नाही."
गाडी आली न्यायला. पेन सासूबाईंकडे